बाबांचा संयम

डॉक्टरीणबाईंनी शनिवारी संध्याकाळी जे सांगितलं, ते धाकट्या सुनेने रविवारी दुपारपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. तो दवाखान्याबाहेर गाडीत बसून होता, मागच्या बाजूला पडद्यांचे दांडे आणि शिडी घेऊन. ती बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." आणि त्यानेही पुढे काही विचारलं नाही, कारण दवाखान्यातल्या गोष्टी पुरुषाने फार खोदून विचारू नयेत अशी त्याची सोयीस्कर समजूत होती.

रविवारी खाली पडद्यांचं दुकान बंद होतं आणि वरच्या खोलीत सगळे टेबलाभोवती जमले होते. थोरल्या जावेने वहीचा कागद आडवा धरून त्यावर पट्टीने रकाने आखले होते. घरात तिला पाठीमागे मुकादम म्हणत. गेल्या वर्षापासून तोंडावरही म्हणू लागले होते, आणि तिला ते आवडू लागलं होतं.

"बुधवारी पहाटे उपाशीपोटी निघायचं," मुकादम वाचू लागली. "सोबत सासूबाई. गुरुवारपासून दहा दिवस हिने मशिनला हात लावायचा नाही. मुलांची शाळा बाबांकडे. हॉटेलच्या चाळीस पडद्यांच्या चुण्या माझ्याकडे. कड्या लावायचं काम ताईंकडे, त्या दुकानातून आल्यावर."

"मी दिवसभर औषधं विकून येणार आणि रात्री कड्या लावणार," नणंद म्हणाली. तिचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं आणि घरातल्या प्रत्येकाच्या खोकल्यावर तिचं मत होतं. "माझं ऑपरेशन असतं तर तू मला किती दिवस दिले असतेस?"

"तुम्हाला एक दिवस. तुमचं दुखणं ऐकूनच मशीन बंद पडतं."

सासूबाई चहा गाळत होत्या. त्या हसल्या, पण त्यांची नजर धाकटीवर होती. धाकटी टोस्टचा तुकडा चहात बुडवून विसरली होती. तो विरघळून तळाशी गेला.

"बुधवारी काही नाहीये," धाकटी म्हणाली.

मुकादमची पट्टी कागदावर थांबली. "म्हणजे गुरुवारी?"

"म्हणजे नाहीच. बाईंनी माझे जुने कागद पाहिले. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की आतून बरंच चिकटलेलं आहे. आतडी, पिशवी, मूत्राशय, सगळं एकमेकांना धरून बसलंय. त्या म्हणाल्या, नळ्या बांधायचं ऑपरेशन तसं छोटंच असतं, हजारात एखादीलाच मोठा त्रास होतो. पण तुमच्या बाबतीत हे हजाराचं गणित मी वापरणार नाही. दुर्बीण आत घालताना आतड्याला इजा झाली तर पोट उघडावं लागेल."

"हे कधी सांगितलं?" नवऱ्याने विचारलं.

"काल."

"मी गाडीत होतो."

"होतास ना. छान गाणी ऐकत होतास."

धाकटीला वाटलं होतं की आता सगळे घाबरतील, हळहळतील, आणि विषय काही दिवस तसाच राहील. पण हे घर पडदे शिवणाऱ्यांचं होतं. खिडकी वाकडी निघाली तर इथे कुणी खिडकीकडे बघत बसत नसे, लगेच नवं माप घेतलं जाई. मुकादमने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवे रकाने आखायला घेतले.

"बरं, मग दुसरं काय काय असतं? ताई, सांगा."

नणंदेने चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "गोळ्या तर हिला नाहीतच. डोकं दुखायच्या आधी हिच्या डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं ना?"

"चमकतं," धाकटी म्हणाली.

"तसं होणाऱ्या बायकांना नेहमीच्या गोळ्या देत नाहीत. मेंदूत रक्ताची गाठ होऊन अर्धांगवायूचा धोका वाढतो. माझ्या दुकानात येऊन शेजारणीची चिठ्ठी दाखवतात आणि म्हणतात, तिला चालल्या त्याच मलापण द्या. मी देत नाही. मग मी गावभर वाईट."

"तुम्ही वाईट का आहात याची बरीच कारणं आहेत," मुकादम लिहिता लिहिता म्हणाली. "गोळ्या, फुली. पुढे?"

"इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. त्याने पाळी बिघडते, काहींचं वजन वाढतं."

"फुली," धाकटी म्हणाली. सगळे हसले.

"दंडात कातडीखाली बसवायची एक काडी असते, ती काही वर्षं चालते. तांबी असते, पण साध्या तांबीने अंगावरून जास्त जातं, आणि हिचं रक्त आधीच कमी आहे. हार्मोनची तांबी असते, तिने उलट कमी जातं. आणि," नणंद भावाकडे वळली, "एक उपाय असाही आहे, ज्यात हिला काहीच करावं लागत नाही."

नवऱ्याला जाणवलं की चार बायका आपल्याकडे बघताहेत. बाबा तेवढे पेपर वाचत होते, पण पान उलटायचं थांबलं होतं.

तो शिडीवर चढून वीस फूट उंचीच्या भिंतीत भोकं पाडायचा. उंचीची त्याला कधी भीती वाटली नव्हती. आता मात्र वाटली. त्याच वेळी त्याला कालची गाडी आठवली, बायको दार उघडून शेजारी बसली तेव्हाचा तिचा चेहरा आठवला. तो त्याने पाहिला होता, आणि गाण्याचा आवाज थोडा वाढवला होता. त्याची त्याला लाज वाटली.

"माझं करा," तो म्हणाला.

"काय?" मुकादम म्हणाली. तिला नीट ऐकू आलं होतं, तिला फक्त पुन्हा ऐकायचं होतं.

"नसबंदी. माझी. हिच्या पोटावर दोनदा सुरी चालली, आता पुरे."

नणंद उठली आणि तिने भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, जसा तो सहा वर्षांचा असताना फिरवायची. "पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. भूल जागेपुरती. संध्याकाळी घरी. हिच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपं. फक्त लगेच भरवसा नाही. तीन महिने दुसरं काहीतरी वापरायचं, मग तपासणी करायची, आणि ती साफ आली की मगच मोकळं."

"शिडी?" मुकादमने विचारलं.

"आठवडाभर नाही. जड उचलायचंही नाही."

"मग शुक्रवारी करू. हॉटेलचे दांडे गुरुवारपर्यंत लावून घेईल."

"मला एक दिवस विचार तरी..."

"शुक्रवार," मुकादमने लिहिलं.

आता बाबांनी पेपर खाली ठेवला. घरातल्या सगळ्यांना ही हालचाल ओळखीची होती. यानंतर साधारण दहा मिनिटं भाषणात जात.

"पुरुषाने असली कामं करून घेऊ नयेत," ते म्हणाले. "उभं राहून करायचं काम आहे याचं. ताकद जाते."

"बाबा, ताकदीचा काही संबंध नाही," नणंद म्हणाली. "आवाज बदलत नाही, मिशा गळत नाहीत. तुमच्या मित्रमंडळात जे काही सांगत असतील ते सगळं चूक आहे."

"असेल. पण मुळात याची गरजच काय? मी काय म्हणतो, आमच्या वेळी ना तुमच्या काड्या होत्या ना नळ्या. तीन मुलं झाली. तुमच्या आईने आणि मी बसून ठरवलं की आता पुरे. आणि पुरे झालं. कशाच्या जोरावर?" ते थांबले. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. थोरल्याच्या लग्नात त्यांनी ते पाहुण्यांसमोरही सांगितलं होतं. "संयमाच्या जोरावर. मनुष्याचा मनावर ताबा पाहिजे."

सासूबाईंनी गाळणी धुवून पालथी ठेवली. त्यांनी छत्तीस वर्षं हे भाषण ऐकलं होतं, आणि दर वेळी त्या उठून काहीतरी धुवायला जात. आज धुवायला काही उरलं नव्हतं. समोर धाकटी बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सासूबाईंना नुसत्या भीतीसारखं वाटत नव्हतं.

"संयम नव्हता तो," सासूबाई म्हणाल्या. "तांबी होती."

"कुठे?" बाबा म्हणाले.

नणंदेने तोंडावर पदर घेतला. मुकादमची पट्टी खाली पडली.

"जिथे असते तिथे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "चौदा वर्षं. मध्ये बदलल्या. हा सहा महिन्यांचा होता तेव्हा पहिली बसवली. तुम्ही कापड आणायला बाहेरगावी गेला होतात."

"मला बोलली नाहीस."

"सांगणारच होते. पण तुम्ही परत आलात ते संयमावर पुस्तक वाचूनच. इतके मनापासून बोलत होतात, मी कशाला मोडता घालू? आणि खरं सांगू का, तुमचा संयम असा काही कडक नव्हता की मला तांबी काढून टाकावीशी वाटावी."

आता कुणालाच हसू आवरलं नाही. धाकटीसुद्धा हसली. बाबांनी पेपर पुन्हा उचलला, उलटा धरला, सरळ केला. "लग्नात बोललो मी," ते पेपराआडून म्हणाले. "दोनशे माणसांपुढे."

"छान बोललात," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्यांच्यापुढे चहाचा दुसरा कप सरकवला. मग त्यांचा सूर बदलला. "हे मी गंमत म्हणून नाही सांगितलं. माझ्या मोठ्या बहिणीने ऑपरेशन करून घेतलं होतं. तिच्या आतड्याला टोचलं आणि कुणाला कळलंच नाही. घरी आल्यावर ताप, पोट दगडासारखं. घरचे म्हणाले, बायका कुरकुरतात, ऑपरेशननंतर असं व्हायचंच. तीन दिवस असं म्हणत राहिले. चौथ्या दिवशी नेलं. वाचली, पण दोन महिने तिथेच पडून होती. परत आली तेव्हा तिचं लेकरू तिला ओळखेना. आमच्या गल्लीतल्या तिघींनी तेच ऑपरेशन केलं, आणि आठवड्यात बाजारात दिसल्या. म्हणून ऑपरेशन वाईट असं मी म्हणणार नाही. पण मी तिच्या खाटेजवळ बसले होते. माझ्याच्याने झालं नसतं."

बाबांनी पेपर खाली घेतला होता. "तू तेव्हा म्हणालीस तिला कावीळ झाली."

"तुम्हाला तेव्हा कावीळच समजली असती."

थोड्या वेळाने बाबांनी चहाचा कप उचलला.

मग सगळं भराभर ठरलं. धाकट्याचा शुक्रवार पक्का झाला. मुकादमने त्याला कागदावर स्वतंत्र रकाना दिला, वर तारा काढला. नणंद म्हणाली की अशा नवऱ्याची मिरवणूक काढायला हवी, तोही आता जरा ताठ बसला होता आणि तिसरा टोस्ट खात होता. सगळे धाकटीकडे बघून हसत होते, जणू तिला लॉटरी लागली होती. ती म्हणाली की मशिनवर कापड झाकायचं राहिलं, आणि खाली गेली.

सासूबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला, आणि मग गुडघे सांभाळत जिना उतरल्या.

दुकानात अर्धं शटर खाली होतं. कापायच्या लांब टेबलावर हॉटेलचा राखाडी पडदा पसरला होता आणि धाकटी त्याचं अस्तर उसवत होती.

"ते सरळच होतं," सासूबाई म्हणाल्या.

"इथे थोडं ओढलं जातंय."

"कुठे?"

धाकटीने बोट ठेवलं. सासूबाईंनी बघितलं, टीप रेषेसारखी सरळ होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या. पडद्याची दुसरी कड मांडीवर घेतली आणि काही न बोलता त्याही उसवायला लागल्या. दोघींनी वीतभर टीप उसवली.

"मला कुणी विचारलंच नाही," धाकटी म्हणाली.

"काय?"

"काहीच. दुसऱ्याच्या वेळी टाके काढायला गेले, तेव्हाच बाहेर सगळं ठरलेलं. आता ऑपरेशन करून टाकायचं. मीपण हो म्हणाले. दोन मुलं आहेत, काम आहे, दोनदा पोट कापून झालंय, नाही कशाला म्हणू? पण काल बाई म्हणाल्या करू नका, तेव्हा मी घाबरले नाही, आई. मला बरं वाटलं. मी तिथे खुर्चीत बसले होते आणि मला इतकं बरं वाटलं की मलाच माझी भीती वाटली."

"तिसरं हवंय तुला?"

"नाही." तिने दोरा ओढून काढला. "आत्ता तर नाहीच. बहुतेक कधीच नाही. पण तेहेतीस वर्षांची आहे मी. कायमचं म्हटलं की काहीतरी आत आडवं येतं. आणि आता वर तो असा बसलाय छाती काढून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी सुई टोचून घ्यायला तयार झालाय. त्याला कसं सांगू की मला तेही नको?"

सासूबाईंनी दोऱ्याचे तुकडे गोळा करून मुठीत धरले. "बिचारा. एका दुपारपुरता हिरो झाला."

धाकटी रडता रडता हसली.

"हे बघ. मी चौदा वर्षं तुझ्या सासऱ्यांना काही बोलले नाही, कारण मला वाद नको होता. आज सगळे हसले, बरं झालं. पण त्यात शहाणपण नव्हतं. दर वेळी दुखलं की एकटीच झोपून राहायचे, पित्त झालंय म्हणायचे. तू तसं करू नकोस. त्याला सांग. आजच सांग, नाहीतर मुकादम शुक्रवारची गाडीसुद्धा ठरवून टाकेल."

तेवढ्यात नवराच खाली आला. त्याच्या हातात धाकटीचा गार झालेला चहा होता, तळाशी टोस्टचा चिखल. आईने त्याच्याकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांविषयी काहीतरी पुटपुटली आणि वर निघून गेली.

धाकटीने त्याला सगळं सांगितलं. तो टेबलाला टेकून उभा राहून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या मनात पहिली जी गोष्ट आली ती सुटकेची होती. ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्याने चहाचा घोट घेतला, आणि ताबडतोब त्याला पश्चात्ताप झाला.

"म्हणजे शुक्रवार नाही," तो म्हणाला.

"इतका आनंद दाखवू नकोस."

"मी कुठे दाखवतोय? मी सगळ्यांसमोर बोललोय. ताईने बाहेरगावी गेलेल्या दादाला फोनसुद्धा केला. तो म्हणाला, शाब्बास."

"शाब्बासकी ठेव तू. मी कायमचं रद्द करायला सांगत नाहीये. मला अजून माहीत नाही, इतकंच सांगतेय. चार-पाच वर्षांनी मला नक्की कळलं की आता नाहीच, तर तुला विचारेन. तेव्हा तू नाही म्हणालास तरी चालेल. शरीर तुझं आहे."

त्याने कप टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "काल गाडीत मी विचारायला हवं होतं."

"हो."

"तू सांगितलं असतंस?"

"गाणं बंद केलं असतंस तर."

त्याने मान डोलावली. मग टेबलावरचा पडदा बघून तो म्हणाला, "हे अस्तर कोणी उसवलं?" आणि सुई ओवायला बसला. त्याची टीप वाकडी यायची, पण तिने त्याला थांबवलं नाही.

वर मुकादमला कळलं तेव्हा तिने तारा खोडला आणि विचारलं, मग आता नक्की काय लिहू. धाकटी म्हणाली, काही लिहू नका, मी बाईंशी बोलून सांगते. मुकादमला कोरा रकाना सोडणं जड गेलं, पण तिने सोडला.

धाकटी पुढच्या आठवड्यात बाईंकडे जाऊन तासभर बसली. दंडातली काडी तिने हातात घेऊन पाहिली, आगकाडीएवढी होती. आठवडाभर विचार केला. शेवटी तिने हार्मोनची तांबी निवडली. रक्त कमी जाईल, काही वर्षं विसरता येईल, आणि मन बदललं तर कोणत्याही दिवशी काढता येईल. पाळी आल्यावर पाचव्या दिवसाची वेळ मिळाली. नवरा म्हणाला, मी येतो, आणि खरंच निघाला होता. पण सासूबाई म्हणाल्या, या वेळी मी जाते. त्याने वाद घातला नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत त्याने दोघींना गाडीने सोडलं आणि घ्यायला यायची वेळ दोनदा विचारली.

आतलं काम दहा मिनिटांत झालं. बाईंनी सांगितलं की पहिले काही महिने मधूनच डाग दिसतील, पोट दुखेल. ताप आला किंवा असह्य दुखलं तर मात्र घरी वाट बघत बसायचं नाही, सरळ इथे यायचं. धाकटी बाहेर आली तेव्हा सासूबाई भिंतीजवळच्या लाकडी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर दोघींच्या पर्स. त्या उठल्या नाहीत, फक्त बाजूला सरकल्या.

"दुखलं?"

"दुखलं. बाई म्हणाल्या, चिमटा बसल्यासारखं वाटेल. चिमटा नव्हता तो."

"चिमटाच म्हणतात. मलाही चिमटाच म्हणाले होते."

धाकटीने पोटावर हात धरून श्वास सोडला. "तुम्हाला किती दुखलं होतं?"

सासूबाईंनी आठवून पाहिलं. समोरून एक नर्स फाइल घेऊन गेली.

"दुखलेलं नाही आठवत आता," त्या म्हणाल्या. "बाहेर आले तेव्हा बाकावर कुणी नव्हतं, ते आठवतं."

गाडी यायला अजून अवकाश होता. धाकटीने सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मघाची नर्स परत आली आणि म्हणाली, तुम्ही आता घरी जाऊ शकता.

"जाऊ," सासूबाई म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.